रायाजी गवा आणि लवचीक नोकरी

एका जंगलात सगळं काही होतं, मुलांनो. राजा होता, मंत्री होता, कचेऱ्या होत्या आणि एक कॉलेजही होतं. एवढं सगळं जपायचं म्हणजे सीमा आलीच. ती सीमा म्हणजे दोन डोंगरांमधली एक खिंड. खिंडीच्या अलीकडचं गवत आपलं, पलीकडचं त्यांचं. दोन्ही गवतांची चव सारखीच होती, पण तसं बोलायला सैनिकांना मनाई होती.

या खिंडीत रायाजी नावाचा गवा हवालदार होता. मिसरूड फुटायच्या वयात तो फौजेत भरती झाला आणि ऐन उमेदीची वर्षं त्यानं तिथंच घालवली. अंगानं धिप्पाड, बोलायला कमी. एका शिंगाचं टोक चकमकीत मोडलेलं. ते कसं मोडलं हे घरी कुणी विचारलं, तर ‘झाडाला लागलं’ एवढंच सांगायचा.

त्याच्या जोडीला बाळकू नावाचं भेकर होतं. भेकर दिसायला एवढंसं, पण त्याचा आवाज दोन डोंगर ओलांडतो. संकट दिसलं की बाळकूनं ओरडायचं आणि रायाजीनं पुढे व्हायचं, अशी दोघांची वाटणी होती.

एका सकाळी पलीकडून रानकुत्री आली. बाळकू वेळेवर ओरडला, रायाजी वेळेवर धावला आणि खिंड राखली गेली. पण बाळकूच्या मांडीला मोठा चावा बसला होता. रक्त थांबेना. फौजेचा वैद्य मंत्र्याच्या सर्दीसाठी राजधानीला गेलेला. खिंडीत चारी बाजूंना पाला होता आणि त्यात रक्त थांबवणारा पालाही नक्की असणार होता. तो कोणता, हे रायाजीला माहीत नव्हतं. तोंडाला येईल तो पाला त्यानं चावला आणि जखमेवर दाबून धरला. ऊन डोक्यावर यायच्या आत बाळकू गेला.

‘खिंड सुरक्षित’ अशी दवंडी त्या दिवशी जंगलभर फिरली. ती खरीच होती.

पुढे रायाजीची नोकरी संपली. सैनिकाला जंगल लवकर निवृत्त करतं, मुलांनो. म्हातारे होईपर्यंत ठेवून घेतात ते मंत्र्यांना.

घरी सरू होती, त्याची बायको. इतकी वर्षं तिनं एकटीनं दोन वासरं वाढवली होती. आता नवरा दारात निवांत रवंथ करत बसेल असं तिला वाटलं होतं. रायाजीनं आल्या आल्या सांगितलं, की मला कॉलेजात जायचंय, पाल्याचं आणि मुळ्यांचं वैद्यक शिकायचंय. सरूनं कारण विचारलं, तेव्हा त्यानं पहिल्यांदाच कुणाला तरी बाळकूची गोष्ट सांगितली. मग तिनं चाऱ्याचं काय, एवढंच विचारलं. कॉलेज सकाळचं आहे, उरलेल्या वेळात काम करीन, असं रायाजी म्हणाला. ज्यानं अख्खी खिंड सांभाळली त्याला उरलेल्या वेळाचं काम मिळणार नाही, असं त्याला वाटायचं काही कारणच नव्हतं.

निवृत्त सैनिक गावी आला की त्याचा सत्कार करायची त्या जंगलात रीत होती. रायाजीचाही झाला. मंत्री होते एक तरस. त्यांनी रायाजीच्या पाठीवर शाल घातली. गव्याची पाठ केवढी आणि शाल केवढी. ती घसरायला लागली म्हणून शेवटी मोडक्या शिंगाला अडकवली. नारळ दिला. मंत्र्यांचं भाषण झालं. जंगल आपलं ऐकेल, मागा काय हवं ते, असं ते भाषणाच्या भरात म्हणाले.

रायाजी साधा गडी. त्याला ते खरं वाटलं. तो म्हणाला, की सकाळी मला कॉलेज असतं, तर दुपारनंतरचं काहीतरी काम मिळावं.

मंत्री पोट धरून हसले. असे विनोदी जवान सीमेवर आहेत म्हणूनच आपण सुखानं झोपतो, असं त्यांनी सभेला सांगितलं. सभेनं टाळ्या वाजवल्या. सत्कार संपला.

कॉलेजचे प्राचार्य होते करकोचे. एका पायावर उभं राहून विचार करायची त्यांना सवय होती. दोन्ही पाय टेकले की विचार थांबतो असं त्यांचं मत होतं. माजी सैनिक आपल्या कॉलेजात येतोय म्हटल्यावर त्यांना फार अभिमान वाटला. त्यांनी लगेच प्रवेश दिला आणि नियमही सांगितला. हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसता येणार नाही. नियम सर्वांना सारखा.

वर्गात चितळाची पाडसं होती, सशाची पोरं होती. ती रायाजीला काका म्हणायची. तो पुढे बसला की मागच्यांना काही दिसायचं नाही, म्हणून तो सगळ्यात मागे बसायचा. शिकवायला खवलेबाई होत्या. त्या खवले मांजर. अंगावर खवल्यांचं चिलखत, आवाज मात्र अगदी बारीक. मान पुढे काढून, कान टवकारून रायाजी ऐकायचा. एखादी मुळी ओळखता आली की त्याला खिंड जिंकल्यासारखं वाटायचं.

राहता राहिलं काम.

जंगलात दामोदर नावाचा कोल्हा होता. तो सर्वांना नोकऱ्या लावून द्यायचा आणि ज्याला लावली त्याच्या चाऱ्यातला वाटा घ्यायचा. त्यानं आपल्या ढोलीवर पाटी लावली होती: ‘येथे लवचीक काम मिळेल.’ रायाजी तिथं गेला. हवालदाराला बघताच कोल्ह्यानं उठून सलाम केला.

“वेळ खरंच लवचीक आहे ना?” रायाजीनं विचारलं.

“अगदी वेतासारखी,” कोल्हा म्हणाला.

वेत लवचीक कशासाठी ठेवतात हे शाळेत गेलेल्या प्रत्येकाला माहीत असतं. रायाजी शाळेत फार गेला नव्हता.

पहिलं काम लागलं अस्वलाच्या मधाच्या कोठारावर. दारात उभं राहायचं. रायाजी म्हणाला, मी दुपारनंतर येईन. अस्वल म्हणालं, छान. पहिल्या दिवशी दुपारी बोलावलं. दुसऱ्या दिवशी पहाटे निरोप आला की आत्ताच या. त्याच्या पुढच्या दिवशी सकाळी बोलावलं आणि संध्याकाळपर्यंत सोडलंच नाही. तास बुडायला लागले. रायाजीनं अस्वलाला आठवण करून दिली, की वेळ लवचीक असल्याचं ठरलं होतं. अस्वलाला आश्चर्य वाटलं. त्यानं शांतपणे समजावून सांगितलं, की लवचीकच तर आहे. रोज मी ती हवी तशी वाकवतो.

रायाजीनं ते काम सोडलं. कोल्ह्यानं त्याला वानरांकडे पाठवलं.

वानरांनी नवीनच धंदा काढला होता. ज्याला भूक लागेल त्यानं जागेवरून हाक द्यायची, की फळं घरपोच. धंद्यातला तरुण वानर बोलायला मोठा गोड होता. आमच्याकडे नोकर कुणी नाही, तो म्हणाला. इथं प्रत्येक जण स्वतःचा मालक. मनात आलं तर हाक घ्या, नाही तर सोडून द्या.

हे मात्र रायाजीला पटलं. पण झालं असं, की जंगलाला भूक लागते सकाळी. हाका यायच्या त्या सूर्य उगवताना, म्हणजे नेमक्या तासाच्या वेळी. रायाजीनं दोन-चार हाका सोडल्या. मग दुपारीही हाक येईना. चौकशी केल्यावर कळलं, की जो हाक सोडतो त्याला पुन्हा हाक देत नाहीत. स्वतःच्या मालकाला अशी शिस्त लागतेच, असं वानर म्हणाला.

त्यातून मिळालेल्या एका हाकेला तो जांभळं घेऊन गेला, तर गिऱ्हाईक निघाली खार. घर झाडाच्या शेंड्याला. रायाजी खाली उभा राहून म्हणाला, की बाई, जरा खाली येता का. खारीनं वरूनच तक्रार केली. घरपोच म्हणजे घरपोच. हवालदार असेल तर असेल, पण झाडावर चढता येत नाही. तो धंदाही संपला.

तिकडे हजेरी घसरत चालली होती आणि इकडे घरात चारा कमी पडत होता. सरू वासरांना घेऊन लांबच्या टेकडीवर चरायला जायला लागली. अंधार पडल्यावर ती परतताना दिसली की रायाजीला जड जायचं.

शेवटी प्राचार्यांनी त्याला बोलावून घेतलं. त्यांना सगळं कळलं होतं. ते एका पायावर उभे राहिले, डोळे मिटले आणि त्यांना युक्ती सुचली. कॉलेजला नवीन फाटक बसवलं होतं. कुंपण अजून नव्हतं, पोरं वाटेल तिकडून यायची. पण फाटक असलं की कॉलेज कॉलेजासारखं दिसतं. त्या फाटकावर रायाजीनं उभं राहावं. चारा कॉलेज देईल. शिवाय फाटक कॉलेजच्या आवारातच येतं, त्यामुळे तिथं उभं असताना हजेरीही लागेल.

रायाजीचे डोळे भरून आले. त्यानं खाली मान घालून आभार मानले. घरी जाताना कधी नव्हे तो थोडा धावला.

अख्खा पावसाळा तो फाटकावर उभा राहिला. हजेरी पूर्ण भरली. असा नियमित विद्यार्थी आपण पाहिला नाही, असं प्राचार्य येणाऱ्या पाहुण्यांना सांगत. पाडसं जाता-येता ‘काका, राम राम’ म्हणत आणि वर्गात जात. वर्ग भरायचा उताराच्या पलीकडे. वारा इकडचा असला की खवलेबाईंचा बारीक आवाज फाटकापर्यंत यायचा. वारा फिरला की यायचा नाही.

परीक्षा आली. रायाजीनं ऐकलं होतं तेवढं सगळं सांगितलं. एका झाडाचं खोड सांगितलं, पण पानं वाऱ्याबरोबर गेली होती. दुसऱ्याची मुळी सांगितली, पण ती कशावर द्यायची ते सांगता आलं नाही. खवलेबाईंनी त्याला नापास केलं.

प्राचार्य बाईंवर नाराज झाले. सैनिकाला नापास करणं बरं दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी पुन्हा एक पाय वर घेतला आणि त्यांना आणखी मोठी युक्ती सुचली. रायाजीला मानद पदवी द्यायची. ‘वैद्यभूषण’. मानद पदवीला परीक्षा नसते, तास नसतात, काही शिकावं लागत नाही. त्याचे सगळेच प्रश्न एका दमात सुटतील आणि फाटकही मोकळं राहणार नाही.

त्या संध्याकाळी रायाजीनं सरूला हे सांगितलं. तिला आनंद होईल असं त्याला वाटलं होतं. ती चरता चरता थांबली.

“फाटकावर उभं राहायलाच जायचं होतं, तर खिंड काय वाईट होती?” ती म्हणाली. “तिथं निदान पलीकडून कुणी येत तरी होतं.”

ती पुढे म्हणाली, की मी टेकडी चढते ती तुम्ही शिकताय म्हणून. तुम्ही नुसते उभे असाल तर माझे पाय दुखायला लागतील.

पदवीदानाचा समारंभ थाटात झाला. मंत्री तरस आले. पुन्हा शाल आली, पुन्हा शिंगाला अडकली. ‘वैद्यभूषण रायाजी’ असा पुकारा झाला. मग मंत्र्यांच्या गळ्यात रानफुलांचा भला मोठा हार घातला. हारात एक गांधीलमाशी होती. तिला समारंभाची कल्पना नव्हती. ती मंत्र्यांच्या नाकाला चावली.

बघता बघता मंत्र्यांचं तोंड सुजून भोपळ्याएवढं झालं. डोळे मिटले, श्वास अडकायला लागला. धावपळ उडाली. तेवढ्यात कुणाला तरी आठवलं, की वैद्यभूषण इथंच तर आहेत. सगळे रायाजीकडे वळले. प्राचार्यांनी त्याला पुढे व्हायला खुणावलं.

व्यासपीठाला हिरव्या पाल्यानं सजवलं होतं. त्यातला कुठलाही पाला चावून त्यानं नाकावर दाबला असता, तर लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या. रायाजीनं पाल्याकडे पाहिलं. इतक्या लढाया झाल्या, पण इतकी भीती त्याला कधी वाटली नव्हती.

“मला येत नाही,” तो म्हणाला.

आत्ताच पदवी दिली, आणि हा येत नाही म्हणतो, असं कुणीतरी पुटपुटलं.

“पदवी दिलीत, विद्या नाही दिली,” रायाजी म्हणाला. “बाईंना बोलवा.”

खवलेबाई मागच्या रांगेत होत्या. त्या आल्या, एक मुळी दगडावर उगाळली आणि लेप लावला. हळूहळू सूज उतरली. मंत्र्यांना श्वास घेता यायला लागला, तसा रागही यायला लागला. राग बाईंवर नव्हता, गांधीलमाशीवरही नव्हता. रायाजीवर होता. भर सभेत पदवीचा अपमान केला म्हणून.

रायाजीनं शिंगावरची शाल काढून ठेवली. तो प्राचार्यांना म्हणाला, “साहेब, मला तासाला बसू द्या. नापास करा, पण आत बसवून करा.”

प्राचार्य दोन्ही पायांवर आले. मग फाटकावर कोण उभं राहणार, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

“कुंपण नाही तोवर फाटकाला कुणी नसलं तरी चालेल,” रायाजी म्हणाला आणि घरी गेला.

दुसऱ्या दिवसापासून तो वर्गात मागे बसायला लागला. नियमाप्रमाणे त्याला कुणी हाकलू शकत नव्हतं, कारण चिडलेल्या मंत्र्यांनी मानद पदवी काढून घेतल्यावर तो पुन्हा विद्यार्थीच झाला होता. कॉलेजचा चारा मात्र बंद झाला. बरगड्या दिसायला लागल्या. कधी कधी तास चालू असताना भुकेनं त्याला गुंगी यायची.

एकदा तास संपल्यावर खवलेबाईंनी त्याला थांबवलं. त्यांनी आधी स्वतःची हकिकत सांगितली. त्या कॉलेजात कायम नव्हत्याच. तास घेतला तर त्या दिवसाच्या मुंग्या मिळायच्या, सुट्टी आली की उपवास. कितीतरी वर्षं असंच चाललं होतं. त्यामुळे पोट भरायला आणि शिकवण्यासाठी मुळ्या मिळवायला त्या डोंगराच्या कुशीत जमीन उकरायच्या. आता पंजे थकले होते.

“तुमच्या शिंगांनी माती उकरून द्या,” त्या म्हणाल्या. “निघतील ते कंद तुमचे, मुळ्या माझ्या. तास असेल तेव्हा यायचं नाही. परीक्षा असली तर अजिबात यायचं नाही.”

“म्हणजे काम लवचीक आहे,” रायाजी म्हणाला.

“तसलं काही नाही,” बाई घाईघाईनं म्हणाल्या. “साधं काम आहे.”

रायाजी रोज दुपारी डोंगर उकरायला लागला. मोडकं शिंग दगडांच्या फटीत नेमकं बसायचं. मुळी निघाली की बाई तिचं नाव, गुण, वास सगळं सांगायच्या, आणि इथं वारा कुठला आहे याची काळजी नसायची. कंद घरी जायचे. सरूची टेकडी बंद झाली. पुढच्या परीक्षेला रायाजी पास झाला. पहिला-बिहिला आला नाही. मध्येच कुठंतरी आला. त्याच दिवशी सरूनं वासरांना गोड कंद खाऊ घातले आणि सगळ्या कळपाला सांगितलं. आणखी काही वर्षांनी तो खरा वैद्य झाला आणि ओढ्याकाठी आजाऱ्यांना औषध द्यायला बसायला लागला.

इथं गोष्ट संपायला हवी होती, मुलांनो. पण जंगलात कुणाचं भलं झालं की त्याचं श्रेय वाटावं लागतं. कोल्ह्यानं आपल्या पाटीवर लिहिलं, ‘वैद्य रायाजींना पहिलं काम आम्ही दिलं.’ प्राचार्यांनी फाटकावर मोठा फळा लावला, ‘याच फाटकावर उभं राहून रायाजी घडले.’ आणि फाटकासाठी नवा सैनिक शोधायला सुरुवात केली.

तो लवकरच मिळाला. खिंडीतून गणू नावाचा चौशिंगा निवृत्त होऊन आला. त्याला ओढ्यांवर पूल बांधायचं शिक्षण घ्यायचं होतं. त्याला शाल मिळाली, नारळ मिळाला. रायाजीचा दाखला ऐकायला मिळाला. आणि फाटक मिळालं.

ही बातमी ओढ्यापर्यंत पोहोचली, तेव्हा रायाजी हातातलं काम टाकून कॉलेजात आला. गणू चारही शिंगं ताठ करून फाटकावर उभा होता. आत पुलांचा तास चालू होता. रायाजीनं त्याला सांगितलं, की हा फळा खोटा आहे. मी इथं उभा होतो तेव्हा नापास झालो. इथून हललो तेव्हा शिकलो.

गणूनं सगळं ऐकून घेतलं. त्याला पटलंही. पण तो जागचा हलेना.

“खरं असेल, हवालदार,” तो म्हणाला. “पण जागा सोडायची तर हुकूम लागतो.”

रायाजीनं त्याच्याकडे पाहिलं. मग पाठ ताठ केली, खिंडीत काढायचा तसा आवाज काढला आणि हुकूम दिला. “उजवीकडे वळ. वर्गात चल.”

गणू वळला आणि सरळ चालत वर्गात जाऊन बसला.

फाटक पुन्हा मोकळं पडलं. प्राचार्य एका पायावर उभे राहून अजून विचार करताहेत.

*

तात्पर्य: शूरांना शाल द्यावी, नारळ द्यावा, हवं तर पदवीही द्यावी, फक्त त्यांना शिकू देऊ नये. शिकलेला सैनिक स्वतः तर फाटक सोडतोच, पण दुसऱ्यालाही तिथं उभं राहू देत नाही.